ई-इनव्हॉइस आणि रसशाळेची उलाढाल : स्वतःच्या चुकीवरून केलेला अभ्यास

जानेवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातील एका औषधविक्रेत्याचा आम्हांस दूरध्वनी आला. वस्तू व सेवा कर कार्यालयाकडून त्यांना खुलासा मागणारे पत्र आले होते. आमच्या रसशाळेकडून २०२३-२४ या वर्षात घेतलेल्या ३,२०,००० रुपयांच्या मालावर त्यांनी ३८,४०० रुपयांची करवजावट घेतली होती. आणि ज्या बिलांच्या आधारे ती घेतली ती बिले कायद्याच्या दृष्टीने बिलेच नव्हेत, असे पत्राचे म्हणणे होते. माल त्यांना पोहोचला होता. पैसे बँकेमार्फत आम्हांस मिळाले होते. कर आम्ही वेळेवर भरला होता आणि त्यांच्या जीएसटीआर-२बी मध्ये आमची प्रत्येक नोंद दिसत होती. उणीव एवढीच की आमच्या एकाही बिलावर आयआरएन आणि क्यूआर कोड नव्हता. ई-इनव्हॉइसचा नियम आम्हांस लागू झालेला आहे, हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

चूक आमची होती आणि पत्र गिऱ्हाइकास आले. या नियमातील खरी अडचण येथेच आहे. पुरवठादाराने आयआरएन न घेतल्यास त्याच्यावर कलम १२२ खाली दंडाची तरतूद आहेच. परंतु केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील नियम ४८ चा उपनियम ५ असे सांगतो की, ज्यास ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे त्याने अन्य रीतीने दिलेले बीजक हे बीजक म्हणून धरले जाणार नाही. वैध बीजक नसेल तर खरेदीदाराच्या वजावटीचा आधारच जातो. म्हणून हा विषय केवळ मोठ्या कारखान्यांचा आहे असे समजून आपल्या सभासदांनी पान उलटू नये, ही विनंती. आपल्यापैकी बहुतेक जण पाच कोटींच्या खालचे आहेत हे खरे. पण आपण ज्यांच्याकडून आसव-अरिष्टे, गुग्गुळ कल्प आणि पेटंट औषधे घेतो त्यांतील अनेक जण वरचे आहेत.

आमचे गणित कोठे चुकले

आम्ही चार वैद्यांनी भागीदारीत चालविलेली ही रसशाळा आहे आणि त्याच भागीदारीच्या नावाने नगर शहरात एक पंचकर्म केंद्र आहे. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी दोन भाग आणि काळी मिरी एक भाग असा आयुष क्वाथ सुचविला, त्यानंतरचे वर्ष कसे गेले ते आपणांस सांगावयास नको. काढ्याचे चूर्ण आणि गुळवेलीच्या गोळ्या पॅक करून हात दुखून येत. त्या २०२०-२१ या आर्थिक वर्षात आमची औषधविक्री चार कोटी अठ्ठ्याहत्तर लाखांवर गेली. पुढील वर्षी ती उतरली आणि त्यानंतर साडेतीन कोटींच्या आसपास स्थिरावली.

१ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीस ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. आम्ही चालू वर्षाचा आकडा पाहिला, साडेतीन कोटी. निश्चिंत झालो. येथे दोन चुका झाल्या.

पहिली चूक वर्षाची. अधिसूचनेत चालू वर्ष किंवा मागील वर्ष असे नाही. २०१७-१८ पासून पुढे कोणत्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल मर्यादेपलीकडे गेली असेल तर नियम लागू होतो, आणि नंतर उलाढाल निम्म्यावर आली तरी तो सुटत नाही. कोविडच्या एका वर्षाची भरती ज्यांना लाभली, त्या सर्व रसशाळांनी तो एक आकडा पुन्हा काढून पाहिला पाहिजे.

दुसरी चूक अधिक बारीक आहे आणि ती खास आपल्या व्यवसायाची आहे. आमची औषधविक्री त्या वर्षीही पाच कोटींच्या आतच होती. परंतु पंचकर्म केंद्राचे रुग्णसेवेचे उत्पन्न, टाळेबंदीत केंद्र काही महिने बंद राहूनही, चौतीस लाख रुपये झाले होते. नोंदणीकृत वैद्याने दिलेली रुग्णसेवा करमुक्त आहे. २०१७ च्या दरविषयक अधिसूचनेत मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतींच्या सेवांना ही सूट दिली आहे आणि आयुर्वेद त्यात येतो. करमुक्त म्हणून आम्ही ती रक्कम मोजलीच नाही. कायद्यातील एकूण उलाढालीची व्याख्या मात्र करमुक्त पुरवठाही मोजते, आणि मोजते ती एका पॅन क्रमांकाखालील सर्व व्यवहार एकत्र करून, देशभरातील. चार कोटी अठ्ठ्याहत्तर लाख आणि चौतीस लाख मिळून पाच कोटी बारा लाख झाले. बारा लाखांसाठी आम्ही रेषेच्या पलीकडे गेलो होतो. ही बेरीज आम्हांस स्वतः करावी लागली असती असेही नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगइन केले की आपली वार्षिक एकूण उलाढाल तेथे मांडलेली दिसते. आम्ही ती कधी उघडून पाहिली नव्हती. विवरणपत्रे लेखनिक भरतो, सही सल्लागार घेतो, आणि वैद्य रुग्ण तपासतो. आमच्याकडे कामाची अशी वाटणी होती.

हीच व्याख्या लहान वैद्यासही एका ठिकाणी गाठते. केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास आपल्या राज्यात चाळीस लाखांपर्यंत नोंदणी आवश्यक नाही, ही सवलत १ एप्रिल २०१९ पासून आहे. परंतु ती केवळ वस्तू विकणाऱ्यासाठी आहे. जो वैद्य तपासणीचे शुल्क घेतो आणि औषधही विकतो, तो केवळ वस्तूंचा विक्रेता राहत नाही; त्याची मर्यादा वीस लाखांची, आणि त्या वीस लाखांत तपासणीशुल्कही धरले जाते. जो केवळ रुग्णसेवा देतो आणि औषध विकतच नाही, त्याची सारी उलाढाल करमुक्त असल्याने त्यास नोंदणीची गरज नाही. आणखी एक गैरसमज येथेच दूर करावासा वाटतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम ३३ईईसी मधील परंतुकानुसार स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास निर्मिती परवाना लागत नाही. ही सूट औषध कायद्यातील आहे. करकायद्यात तिचे प्रतिबिंब नाही. परवाना लागत नाही म्हणून करही लागत नाही, असे समजून चालणारे सन्मित्र आम्हांस भेटले आहेत. रुग्णालयात दाखल रुग्णास उपचाराचा भाग म्हणून दिलेले औषध वेगळे आणि बाह्यरुग्णास दुकानातून दिलेले औषध वेगळे, असा भेद आगाऊ निर्णय प्राधिकरणांनी वेळोवेळी केला आहे. दुसरी विक्री करपात्र धरली जाते.

ई-इनव्हॉइस कशास म्हणावे

संगणकावर छापलेले बिल म्हणजे ई-इनव्हॉइस नव्हे. व्हॉट्सॲपवर पाठविलेली बिलाची प्रतही नव्हे. शासनाच्या संकेतस्थळावर जाऊन बिल तयार करावे लागते, हीही समजूत चुकीची आहे. बिल आपणच आपल्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये तयार करतो. त्यातील माहिती आयएनव्ही-०१ या ठरावीक आराखड्यात नोंदणी पोर्टलकडे जाते. हा आराखडा जीएसटी परिषदेने २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यातील ३७ व्या बैठकीत मान्य केला होता. पोर्टल त्या माहितीची तपासणी करते, तेच बिल आधी नोंदले गेलेले नाही याची खात्री करते आणि चौसष्ट अक्षरांकांचा एक अद्वितीय क्रमांक, म्हणजे आयआरएन, व डिजिटल स्वाक्षरी असलेला क्यूआर कोड परत पाठविते. तो कोड छापलेले बिल हेच वैध बिल. हे सर्व काही क्षणांत होते, अर्थात इंटरनेट चालू असेल तर.

ही सक्ती एकदम आली नाही. १ ऑक्टोबर २०२० रोजी पाचशे कोटींवरील व्यवसायांपासून तिचा आरंभ झाला. १ जानेवारी २०२१ पासून शंभर कोटी, १ एप्रिल २०२१ पासून पन्नास कोटी, १ एप्रिल २०२२ पासून वीस कोटी, १ ऑक्टोबर २०२२ पासून दहा कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी अशी मर्यादा उतरत आली. हा उतार पाहता आणखी खालची पायरी येणारच नाही असे धरून चालणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

नियम लागू होतो तो नोंदणीकृत खरेदीदारास केलेल्या करपात्र विक्रीस आणि निर्यातीस. रुग्णास काउंटरवर दिलेल्या बिलास आयआरएन लागत नाही. नोंदणी नसलेला वैद्य आपल्याकडून वर्षाला दोन लाखांचा माल घेत असला तरी या नियमापुरता तो ग्राहकच. नोंदणीकृत खरेदीदारास दिलेल्या क्रेडिट नोट आणि डेबिट नोट यांनाही आयआरएन घ्यावा लागतो, हे मात्र अनेकांच्या ध्यानात राहत नाही. आपल्या धंद्यात माल परत येण्याचे प्रमाण मोठे असल्याने त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

दर, मुदत संपलेला माल आणि बॅच क्रमांक

आयुर्वेदीय औषधांच्या कराचा दर सप्टेंबर २०२५ पर्यंत दुहेरी होता. जुलै २०१७ मध्ये आरंभी सरसकट बारा टक्के होता. ऑक्टोबर २०१७ मधील परिषदेच्या बैठकीनंतर औषध कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत दिलेल्या पाठाप्रमाणे तयार केलेली आणि ग्रंथातील नावानेच विकली जाणारी औषधे पाच टक्क्यांवर आली. स्वतःच्या नावाने विकली जाणारी पेटंट औषधे बारा टक्क्यांवरच राहिली. त्या अनुसूचीत चरक, सुश्रुत, शार्ङ्गधर, योगरत्नाकर, भैषज्यरत्नावली यांच्या जोडीला शंकर दाजीशास्त्री पदे यांचा आर्यभिषक हा आपल्या घराघरांत असलेला ग्रंथही आहे. एकाच रसशाळेत त्रिफळा चूर्ण पाच टक्क्यांनी आणि त्याशेजारच्या कपाटातील पोटाचे पेटंट सिरप बारा टक्क्यांनी बिलात जाई. पाठ ग्रंथातील पण नाव आपले, असे औषध कोठे घालावे यावर आमच्या चौघांतही वाद होत. आमचे मत असे की नाव बदलले तेथे सवलत गेली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा वाद संपला. परिषदेच्या ५६ व्या बैठकीतील निर्णयानुसार ही दोन्ही प्रकारची औषधे पाच टक्क्यांवर आली. तुपाचा दरही त्याच दिवशी बारावरून पाचवर आला, त्यामुळे घृतकल्प करणाऱ्यांचा खर्च थोडा हलका झाला. काचेच्या बाटल्या मात्र अठरा टक्क्यांवरच आहेत. पाच टक्क्यांचे आसव अठरा टक्क्यांच्या बाटलीत भरताना खरेदीवरील कर साचत जातो. त्याचा परतावा कलम ५४ व नियम ८९ खाली मागता येतो. तो मागण्याइतकी रक्कम साचते काय, हे प्रत्येकाने पाहावे.

प्रश्न उभा राहिला तो परत येणाऱ्या मालाचा. मुदत संपलेल्या औषधांबाबत केंद्रीय मंडळाने ऑक्टोबर २०१८ मध्ये परिपत्रक काढून दोन मार्ग सांगितले आहेत. विक्रेत्याने तो माल नवी विक्री समजून उत्पादकास बिलाने परत करावा, अथवा उत्पादकाने क्रेडिट नोट द्यावी. दर एकच होता तोवर कोणताही मार्ग चाले. आता एक उदाहरण पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये १,००० रुपयांचे पेटंट सिरप आम्ही १२० रुपये कर लावून विकले. मुदत संपून ते परत आले. क्रेडिट नोट दिली तर ती मूळ बिलाच्या दराने, म्हणजे १२० रुपये करासह. आमची देय रक्कम तेवढी कमी होते आणि विक्रेता आपली १२० रुपयांची वजावट उलटवितो. हिशेब सरळ मिटतो. विक्रेत्याने नव्या विक्रीचे बिल केले तर त्यावर कर पाच टक्के, म्हणजे ५० रुपये. त्याच्याकडे पूर्वीची १२० रुपयांची वजावट तशीच राहते. आम्ही १२० भरलेले असतात, ५० ची वजावट येते आणि माल नष्ट केल्यावर तीही उलटवावी लागते. सत्तर रुपयांचा हा फरक एका बाटलीचा नाही, पेटीचा आहे आणि पेट्या पुष्कळ असतात. क्रेडिट नोटच्या मार्गानेही नष्ट केलेल्या मालाच्या निर्मितीवर घेतलेली वजावट उलटवावी लागतेच, हे विसरू नये.

म्हणून आम्ही क्रेडिट नोटचाच आग्रह धरतो. तिला मुदत आहे : ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. २०२५-२६ मधील विक्रीसाठी ती ३० नोव्हेंबर २०२६. त्यानंतर दिलेली क्रेडिट नोट केवळ व्यापारी समजुतीची; तिने कर कमी होत नाही. आसव-अरिष्टांसारख्या दीर्घ मुदतीच्या औषधांची मुदत संपेपर्यंत ही तारीख कधीच उलटून गेलेली असते. विक्रेत्यांनी न खपणारा माल मुदत संपण्याची वाट न पाहता आधीच परत करावा, असे आता आम्ही प्रत्येक मालाबरोबर छापील चिठ्ठीने कळवितो.

पण परत आलेली बाटली कोणत्या बिलाने, कोणत्या दराने गेली होती हे कळावे कसे? येथे बॅच क्रमांक उपयोगी पडतो. ई-इनव्हॉइसच्या आराखड्यात बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहिण्यास ऐच्छिक जागा आहे. ती रिकामी ठेवली तरी आयआरएन मिळतो, म्हणून बहुतेक जण रिकामी ठेवतात. आम्ही ती भरतो. निर्मितीची बॅचवार नोंद औषध कायद्याने आपणांस ठेवावीच लागते. तोच क्रमांक बिलात गेला की शेवगावहून परत आलेल्या पेटीवरून बिल, बिलावरून दर आणि दरावरून क्रेडिट नोट असा माग दहा मिनिटांत लागतो. पूर्वी यासाठी दोन माणसे अर्धा दिवस खपत.

दैनंदिन व्यवहारातील अनुभव

फेब्रुवारी २०२५ पासून आमची सर्व व्यापारी बिले आयआरएनसह जातात. आरंभीचे दोन महिने कठीण गेले. सॉफ्टवेअरचे काम एका दिवसात झाले. वेळ लागला तो यादी शुद्ध करण्यास. आमच्या यादीत एकच औषध ‘महासुदर्शन चूर्ण’, ‘महासुदर्शन चु.’ आणि ‘म. सुदर्शन’ अशा तीन नावांनी होते आणि तिघांचे एचएसएन वेगळे. किरकोळ पॅकमधील आयुर्वेदीय औषध ३००४९० खाली, मोठ्या प्रमाणात सुटे गेलेले ३००३९० खाली, वाळलेली काष्ठौषधी १२११ च्या शीर्षाखाली. ई-इनव्हॉइसला सहा अंकी एचएसएन लागतो. पूर्वीची चार अंकी सवय मोडावी लागली.

दुसरे काम गिऱ्हाइकांचे जीएसटी क्रमांक तपासण्याचे. पंधरा अक्षरांकांतील पहिले दोन राज्याचे, आपल्या राज्यासाठी २७. पुढील दहा पॅन. नोंदणी रद्द झालेल्या तीन दुकानांना आम्ही वर्षभर करासहित बिले देत होतो, हे तेव्हा उघड झाले. एका शनिवारी सायंकाळी श्रीरामपूरच्या एका दुकानाचे बिल त्याच आडनावाच्या दुसऱ्या दुकानाच्या क्रमांकावर गेले. सोमवारी सकाळी लक्षात आले. पोर्टलवर बिल रद्द करण्याची मुदत चोवीस तासांची आहे आणि दुरुस्तीची सोय मुळीच नाही. चोवीस तासांत रद्द केलेल्या बिलाचा क्रमांकही पुन्हा वापरता येत नाही. आमचे चोवीस तास रविवारी संपले होते. मग चुकीच्या दुकानाच्या नावे क्रेडिट नोट, तिला वेगळा आयआरएन, खऱ्या दुकानाच्या नावे नवे बिल, आणि दोन्ही दुकानदारांना दूरध्वनी करून क्षमायाचना. तेव्हापासून शनिवारी चारनंतर आम्ही व्यापारी बिल करीत नाही. दसरा-दिवाळीत हा नियम मोडतो, आणि चुकाही तेव्हाच होतात.

लॉगइनसाठी १ एप्रिल २०२५ पासून सर्वांनाच दुहेरी पडताळणी आहे. मोबाइलवर येणारा संकेतांक दिल्याशिवाय आत जाता येत नाही. तो मोबाइल ज्येष्ठ भागीदाराचा असेल आणि ते अकोल्याच्या डोंगरात हिरडा पाहावयास गेलेले असतील, तर नगरमध्ये गाडी भरून उभी राहते. कर्मचाऱ्यासाठी वेगळे उप-खाते काढता येते; ते आम्ही उशिरा काढले.

दहा अधिक एक अशा योजनांविषयी विचारणा होते. मार्च २०१९ च्या परिपत्रकानुसार असा जादा नग फुकट दिलेला धरला जात नाही. अकरा नगांची ती एकच किंमत असते आणि वजावटीस बाधा येत नाही. वैद्यांना दिलेले नमुने मात्र खरोखर फुकट असतात. त्यावर कर नाही, पण त्या मालापुरती वजावट उलटवावी लागते. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत ‘फ्री’ म्हणून लिहू नयेत.

मालवाहतुकीचे ई-वे बिल राज्यांतर्गत एक लाख रुपयांपुढे आणि परराज्यात पन्नास हजारांपुढे लागते. ते ई-इनव्हॉइसच्या माहितीवरूनच तयार होते, पुन्हा सर्व लिहावे लागत नाही. दहा कोटी व त्यापुढील उलाढाल असणाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत ते पोर्टलवर नोंदविण्याचे बंधन आहे. त्याखालच्यांना ही मुदत नाही, आणि आमची सुटका झाली ती याच फटीतून.

खरेदीदाराने काय पाहावे

औषधी दुकान चालविणाऱ्या सभासदांसाठी हा भाग अधिक महत्त्वाचा. बिलावर क्यूआर कोड आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पैसे देण्यासाठीचा क्यूआर कोडही तसाच दिसतो. शासनाच्या पडताळणी ॲपने तो एकदा तपासावा. खरा असेल तर पुरवठादार, खरेदीदार, रक्कम आणि आयआरएन समोर येतात. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक टाकून त्यास ई-इनव्हॉइसची सुविधा सुरू झालेली आहे काय, हे ई-इनव्हॉइसच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. तेथे ‘होय’ दिसत असेल आणि बिल साधे असेल, तर माल उतरवून घेण्यापूर्वीच विचारावे. आमच्या पाथर्डीच्या विक्रेत्याने हे पाहिले असते तर आमची चूक सतरा महिन्यांऐवजी पहिल्या आठवड्यात कळली असती. पण ती तपासणी त्यांच्यावर टाकण्याचा आम्हांस अधिकार नाही. आता आम्ही स्वतः ज्यांच्याकडून बाटल्या, काष्ठौषधी आणि तूप घेतो, त्या प्रत्येकाकडून एप्रिलमध्ये त्यांच्या कागदावर एक निवेदन घेतो की २०१७-१८ पासून कोणत्याही वर्षी त्यांची एकूण उलाढाल पाच कोटींपुढे गेलेली नाही, किंवा गेली असल्यास ते ई-इनव्हॉइस देतील. आडते बाजारातील एका वयोवृद्ध व्यापाऱ्यांनी तो कागद पाहून आम्हांस विचारले की, वैद्यबुवा, आमची नाडी आता कागदावर पाहता काय. त्यांनी सही मात्र केली.

ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी संकेतस्थळावर आलेल्या बिल व्यवस्थापन सुविधेत आपल्या नावे आलेले प्रत्येक बिल आणि क्रेडिट नोट स्वीकारता, नाकारता वा प्रलंबित ठेवता येते. महिन्यातून एकदा अर्धा तास बसून ते पाहावे. न घेतलेल्या मालाचे बिल आणि न मान्य केलेली क्रेडिट नोट दोन्ही तेथेच सापडतात.

आमच्या प्रकरणाचा शेवट असा झाला. ऑगस्ट २०२३ ते डिसेंबर २०२४ या सतरा महिन्यांतील १,१४६ व्यापारी बिलांची आम्ही सल्लागारांच्या मार्गदर्शनाखाली मूळ क्रमांक व मूळ तारखांनिशी विलंबाने नोंदणी केली आणि आधी भरलेल्या विवरणपत्रांशी एकेक बिल जुळवून घेतले. विवरणपत्रांत कर आधीच भरलेला असल्याने त्यात कमीजास्त काही नव्हते. पाथर्डीच्या विक्रेत्यांनी आयआरएनसह नव्या प्रती, बँकेचे उतारे, मालाच्या पावत्या आणि आमचे लेखी निवेदन खुलाशास जोडले. कार्यालयाने तो खुलासा मान्य केला. पत्र आल्यापासून या सर्वांस सात महिने लागले. त्या काळात त्यांनी आमच्याकडून एकही पेटी घेतली नाही, आणि खुलासा मान्य झाल्यावरही त्यांची मागणी पूर्वीच्या निम्म्यावरच आहे. मागील महिन्यात त्यांचे माणूस माल नेण्यास आले होते; पेटीस हात लावण्यापूर्वी त्याने खिशातून मोबाइल काढून बिलावरचा कोड तपासून घेतला.